खुंटीवरचा सतरा नंबर

आमच्या हॉटेलला शंभर वर्षं होणार म्हणून त्याचा इतिहास लिहायला मालकीणबाईंनी एक मुलगी नेमली होती. ती पहिल्याच दिवशी माझ्या घरी आली, चष्मा सावरत खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "आजी, तुमच्या आठवणी सांगा ना." मी तिला सुनावलं, की मला नातवंडं नाहीत, तेव्हा आजी म्हणायचं कारण नाही. बिचारी इतकी दचकली की मला वाईट वाटलं आणि मी उठून चहा टाकला. माझं नेहमी असंच होतं, आधी तोडून बोलायचं आणि मग चहा करायचा. हॉटेलात मला सगळे इस्त्रीबाई म्हणत. मी चादरी-टॉवेलांच्या खात्याची मुख्य होते म्हणून म्हणत असावेत, अशी माझी समजूत होती. निवृत्त झाल्यावर कळलं की मी पटकन तापायची म्हणून म्हणत.

मुलगी हुशार होती. हॉटेल कुणी बांधलं, संगमरवर कुठल्या जहाजातून आला, कुठले राजे आणि कुठल्या नट्या कुठल्या खोलीत उतरल्या, सगळं तिनं गोळा केलं होतं. तिच्याकडे पाहुण्यांची यादी होती. मी त्या पाहुण्यांच्या चादरी बघितल्या होत्या, त्यामुळे कोण किती मोठं हे तिच्यापेक्षा मला जरा जास्त ठाऊक होतं. पण तिला आमचं जग ऐकायचं होतं, म्हणून मी सांगत गेले.

थोरले मालक लाकडाचे व्यापारी. समुद्रात घुसलेल्या खडकावर त्यांनी चार मजली हॉटेल बांधायला काढलं तेव्हा सगळ्या गावानं त्यांना वेड्यात काढलं. दोनशे बारा खिडक्या. त्यांच्या काचांवर रोज मीठ साचायचं आणि रोज सकाळी सातच्या आत, पाहुणे पडदे सरकवण्याआधी, ते गोड्या पाण्यानं धुतलेलं असायचं. हे कोण करतं ते पाहुण्यांना कधीच दिसलं नाही. थोरल्या मालकांचा नियमच होता, की आपलं काम दिसावं, आपण दिसू नये, आणि आपला आवाज तर मुळीच कुणाच्या कानावर पडू नये. वरच्या मजल्यांवर जो मोठ्यानं बोलला त्याची त्या आठवड्याची सुट्टी गेली. मी एकविसाव्या वर्षी तिथे लागले आणि पहिले तीन महिने शिंक दाबायलाच शिकले.

सगळा आवाज तळघरात. धुलाई, वाळवण, इस्त्री, बॉयलर, सगळं जमिनीखाली, समुद्राच्या बाजूला. पन्नास माणसं तिथे राबायची आणि वर जेवणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं की टेबलक्लॉथ झाडाला लागतात. तळघरातून वर यायला एक जिना होता आणि जिन्याच्या माथ्यावर एक लोखंडी दार. त्याला आम्ही भरतीचं दार म्हणायचो. समुद्र खवळला की ते लावायचं, म्हणजे तळघरात पाणी शिरलं तरी वरचं हॉटेल वाचावं. त्याच्या कड्या फक्त वरच्या बाजूनं होत्या. एकदा लावलं की आतल्या माणसाला ते उघडता यायचं नाही.

म्हणून खुंट्या होत्या. दाराशेजारच्या फळीवर ओळीनं पन्नास खुंट्या, आणि प्रत्येकाला एक पांढरा नॅपकिन, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं भरलेला नंबर. खाली जाताना आपला नॅपकिन खुंटीवर टांगायचा, वर येताना काढून खांद्यावर टाकायचा. खुंटीवर नॅपकिन आहे म्हणजे माणूस खाली आहे. हाका नकोत, विचारपूस नको, नुसती नजर टाकली की कळायचं. माझा नंबर सतरा. मुलीनं हे सगळं भराभर लिहून घेतलं आणि म्हणाली, "किती सुंदर पद्धत!" मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

त्या पद्धतीत एक खोट होती आणि ती आम्हां सगळ्यांना ठाऊक होती. मालाची लिफ्ट. हातात चादरींची चळत असली की जिना कोण चढणार? आम्ही लिफ्टनं वर यायचो, काम उरकायचो आणि नॅपकिन मागाहून काढून घ्यायचो. तळघरातल्या प्रत्येकानं हे शंभर वेळा केलं होतं. बॉयलरदादा तेवढे ओरडायचे. ओरडायचे म्हणजे काय, त्यांचा आवाज कधी चढलाच नाही, पण ते नॅपकिन हातात घेऊन शोधत यायचे आणि समोर धरून म्हणायचे, "सतरा, तू खाली आहेस की वर? एकदा काय ते ठरव बाई." भरतीचं दार लावायचं आणि त्याच वेळी लिफ्टची पोकळी बंद करायचं काम त्यांचं होतं.

ते वादळ झालं त्याला आता बेचाळीस वर्षं झाली. मी तेव्हा बावीस वर्षांची. दुपारी बारालाच सगळ्यांना वर बोलावलं, खुंट्या रिकाम्या झाल्या. तीनला दार लागायचं होतं. अडीचच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंना थंडी भरून आली, त्यांना वाळवणीच्या खोलीतल्या गरम चादरी हव्या होत्या. मला धाडलं. मी जिन्यानं खाली गेले, नॅपकिन टांगला, चादरी उचलल्या आणि लिफ्टनं वर आले. बाईंचं अंथरूण बदललं, पाय चेपले. नॅपकिन राहिला.

तीनला बॉयलरदादा दार लावायला आले आणि त्यांना खुंटीवर सतरा नंबर दिसला. ते मला शोधायला खाली उतरले. त्याच वेळी लाटेनं वाळवणीच्या खोलीच्या खिडक्या फोडल्या. दादा खालीच राहिले. दार उघडं राहिल्यामुळे पाणी जिन्यानं वर चढलं आणि नाचाचा दिवाणखाना, भोजनगृह, पियानो, सगळा तळमजला कमरेइतक्या पाण्यात गेला. खुंट्यांची फळीही वाहून गेली. दोन दिवसांनी दादा सापडले.

मॅनेजरनी आम्हांला एकेकाला विचारलं, खाली कोण होतं? सगळ्यांनी सांगितलं, कुणी नव्हतं. मीही सांगितलं, "मी वर होते." ते खरंच होतं. त्याच्यापुढे एक शब्द मी बोलले नाही. मग साहजिकच ठरलं, की बॉयलरवाल्यानं दार वेळेवर लावलं नाही, स्वतःचं काहीतरी आणायला खाली गेला आणि स्वतः बुडाला ते बुडाला, हॉटेलही बुडवलं. दोन वर्षं हॉटेल बंद राहिलं, कितीतरी माणसांची रोजी गेली आणि सगळ्याचं खापर दादांच्या डोक्यावर फुटलं. त्यांच्या बायकोला दोन वर्षांच्या मुलीसकट कामगारांच्या चाळीतली खोली सोडावी लागली. गावात तिला कुणी दारात उभं करेना.

मी करत होते. म्हणजे मीच तिच्या दारात जात होते. पहिल्यांदा गेले ती सगळं सांगून टाकायला. वहिनी पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, मला बघून रडायला लागल्या आणि म्हणाल्या, "अख्ख्या हॉटेलातनं तू एकटी आलीस गं." माझ्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. पुढच्या रविवारी मी परत गेले. मग दर रविवारी. बेचाळीस वर्षं मी वहिनींकडे दर रविवारी चार वाजता जात आले. त्यांच्या शिवणाच्या कपड्यांना काजं करून दिली, पोरीचा अभ्यास घेतला, तिच्या लग्नात मीच तिच्या मावशीच्या जागी उभी राहिले. मी स्वतः लग्न केलं नाही. माझं माणूस म्हणाल तर वहिनीच.

तर इतिहासवाली मुलगी. महिन्याभरानं ती कच्ची पानं घेऊन आली, मी चुका काढाव्यात म्हणून. मी चष्मा लावून वाचत गेले आणि वादळाच्या पानावर थांबले. तिथे लिहिलं होतं: 'दुर्दैवाने बॉयलरवरील एका कर्मचाऱ्याने भरतीचे दार वेळेवर बंद केले नाही. त्याच्या निष्काळजीपणामुळे हॉटेलचा संपूर्ण तळमजला पाण्याखाली गेला व त्यात त्याचाही मृत्यू झाला.'

"ही ओळ काढून टाक," मी म्हणाले.

"का? जुन्या अहवालात असंच आहे."

"त्याची बायको जिवंत आहे. एवढं कारण पुरे नाही का तुला?"

तिला पटलं. पेन्सिलनं तिनं दोन्ही वाक्यांवर काट मारली आणि म्हणाली, "मग त्यांचा उल्लेखच राहत नाही कुठे. मागे कामगारांची यादी आहे, पण ती दहा वर्षं नोकरी झालेल्यांची. यांची नऊच झाली होती." मी म्हटलं, चालेल. ती गेल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी दार लावून चक्क गुणगुणले. आणि मग चहाची भांडी विसळताना माझी मलाच किळस आली. बदनामी पुसण्याच्या नावाखाली मी तो माणूसच पुसून आले होते, आणि वर त्याचं मला बरं वाटत होतं.

त्या रविवारी वहिनींकडे गेले तर टेबलावर शंभरीच्या समारंभाचं, माझ्याच नावाचं निमंत्रण पडलं होतं. त्यांची मुलगी इस्पितळात नर्स आहे, तिला कुणीतरी माझ्यासाठी म्हणून दिलेलं. सोनेरी कडा, वर हॉटेलचं चित्र. वहिनींनी ते माझ्याकडे सरकवलं.

"जा तू. चांगली साडी नेस. नाहीतर जाशील त्या राखाडी पोत्यात."

"तुम्हीही चला ना वहिनी."

"मला कोण बोलावतंय? माझ्या नवऱ्यानं बुडवलं त्यांचं हॉटेल." त्या हसल्या. "बुडवलंच की. खोटं कशाला बोलू? मला म्हणाला होता, तीनला दार लावतो आणि घरी येतो. एक दार लावायचं होतं मेल्याला, एक दार! पोरीचा विचार आला नाही, माझा आला नाही. काय आणायला गेला होता कोण जाणे, विडीचं बंडल राहिलं असेल."

हे मी काही पहिल्यांदा ऐकत नव्हते. बेचाळीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही. पूर्वी त्या रडून बोलायच्या, मग चिडून, आणि आता थट्टेनं, आल्यागेल्याच्या वात्रटपणाबद्दल बोलावं तशा. मी दर वेळी मान खाली घालून कप उचलायची. त्या दिवशी कप उचलताच येईना.

"वहिनी," मी म्हणाले, "ते मला शोधायला गेले होते."

त्यांना कळलं नाही. मी पहिल्यापासून सांगितलं. म्हातारी बाई, गरम चादरी, लिफ्ट, खुंटीवर राहिलेला नॅपकिन. त्या ऐकत होत्या, हातात निमंत्रणाचं रिकामं पाकीट, त्याची घडी घालत होत्या आणि उलगडत होत्या. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "हे तुला कसं माहीत? फळी तर वाहून गेली. तुला शोधायला गेला हे कुणी सांगितलं तुला?"

इथे मी खोटं बोलू शकले असते. अंदाजानं म्हणते, असं म्हणाले असते तरी खपलं असतं. पण वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"मी ऐकलं त्यांना," मी म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी उभी होते मी. तिच्या पोकळीतनं आवाज वर यायचा. त्यांनी हाक मारली. सतरा, सतरा, म्हणून."

"मोठ्यानं?"

"खूप मोठ्यानं. कधीच बोलले नसतील इतक्या मोठ्यानं. तीनदा मारली."

"मग?"

"मला वाटलं, नॅपकिनवरून रागावलेत. नंतर जाऊन काढू. आणि ओ द्यायची तर ओरडावं लागलं असतं, वहिनी. पाहुण्यांचा मजला होता. खोल्यांची दारं उघडी होती. तिथे ओरडायचं नसतं. म्हणून मी ओ दिली नाही."

एवढंच होतं. 'दादा, मी वर आहे,' इतके चार शब्द. ते ऐकून दादा परत फिरले असते, दार लावून तीनला घरी गेले असते. बेचाळीस वर्षं मी ते चार शब्द मनात ओरडत आले आहे आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षीही ते मला मोठ्यानं म्हणता येत नाहीत.

वहिनींनी पाकीट टेबलावर ठेवलं. मला वाटलं, त्या मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी त्याला शिव्या घातल्या गं. रोज. पोरीला सांगितलं की तुझा बाप बेफिकीर होता, त्याच्यासारखी होऊ नकोस. तो तिकडे माणूस शोधत होता आणि मी इकडे विडीचं बंडल, विडीचं बंडल." त्यांनी माझा कप दूर सारला. "आणि तू समोर बसून चहा पीत होतीस. दर रविवारी. तुला एकदाही वाटलं नाही, की हिला थांबवावं?"

"वाटलं. दर वेळी वाटलं."

"जा तू आता," त्या म्हणाल्या.

मी घरी गेले नाही. सरळ त्या मुलीच्या खोलीवर गेले आणि तिला लिहून घ्यायला लावलं. हाकसुद्धा लिहून घे म्हटलं. लिहिताना ती दोनदा थांबली, चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंचं बोलावणं आलं. त्या वाईट नाहीत, पण उत्सवाचं पुस्तक होतं आणि त्यात मढं नको होतं. म्हणाल्या, "आपण असं लिहू या का, की एका गैरसमजातून ही दुर्घटना घडली?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "गैरसमज नव्हता बाईसाहेब. त्यांनी बरोबर समजून घेतलं होतं. नॅपकिन दिसला, माणूस खाली आहे, त्याला आणायला हवं. तुमच्या आजोबांची पद्धत अख्ख्या हॉटेलात त्यांनी एकट्यानं पाळली. चूक माझी होती, ती माझ्या नावावर छापा. नाहीतर त्या दिवशी मी तुमच्या दिवाणखान्यात उभी राहून सगळ्यांसमोर सांगेन, आणि मला आता हळू बोलता येत नाही."

त्यांनी छापलं. दादांचं पूर्ण नाव, त्यांची नऊ वर्षं, खुंटी, नॅपकिन, तीन हाका आणि माझं नाव, सगळं आहे त्या पानावर. गावात वाचलं गेलं. ज्यांनी दादांना नावं ठेवली होती त्यांतले बरेचसे आता राहिलेले नाहीत. जे आहेत त्यांनी मला रस्त्यात टाळायला सुरुवात केली, तेही मला योग्यच वाटलं. समारंभाला मी गेले नाही. वहिनी आणि त्यांची मुलगी गेल्या होत्या, पहिल्या रांगेत बसल्या होत्या, असं ऐकलं.

चार रविवार मी घरात बसून काढले. चार वाजले की नेमकी उठायची, चपला पायात घालायची आणि काढून ठेवायची. पाचव्या रविवारी दार वाजलं. वहिनींची मुलगी होती. मी तिला आत बोलावलं, पण ती उंबऱ्यातच उभी राहिली. चेहरा रागावलेला नव्हता. दमलेला होता.

"मावशी," ती म्हणाली, "आईनं निरोप दिलाय. म्हणाली, रविवारी येऊ नकोस म्हणून सांग."

मी मान हलवली. अपेक्षित होतंच.

"रागानं नाही सांगितलं," ती घाईघाईनं म्हणाली. "म्हणजे राग आहे तिला. मलाही आहे. पण त्यामुळे नाही. तिनं बाबांचा फोटो काढलाय ट्रंकेतनं. इतकी वर्षं पालथा ठेवलेला, मी तर कधी बघितलाच नव्हता. खुर्चीवर ठेवते समोर आणि बोलत बसते त्यांच्याशी. मी कशी शाळेत गेले, तिनं पहिलं मशीन कधी घेतलं, घर कसं मिळालं, सगळं पहिल्यापासून. अजून मी पाचवीतच आहे." ती हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. "म्हणते, बेचाळीस वर्षांचं सांगायचं राहिलंय. रविवारी तिला वेळ नसतो आता."

मी विचारलं, "मग वेळ कधी होईल, काही म्हणाल्या?"

"विचारलं मी," ती म्हणाली. "म्हणाली, आधी त्याचं होऊ दे."